मापात पाप, की मापंच दोन?

नवी हार्ड डिस्क विकत आणावी, खोक्यावर ठळक अक्षरांत ‘५०० जीबी’ असं छापलेलं असावं आणि संगणकाला जोडल्यावर पडद्यावर आकडा यावा ४६५! गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हा अनुभव आला नाही असं संगणक असलेलं घर शोधूनच काढावं लागेल. ऐंशीची डिस्क साडेचौऱ्याहत्तर दाखवते, एक टीबीची डिस्क ९३१ जीबी दाखवते. दुधात पाणी आणि तराजूत काटा मारणं या गोष्टी आपल्या इतक्या परिचयाच्या आहेत, की पहिला संशय जातो तो दुकानदारावर. मग कंपनीवर. आणि शेवटी, काहीच करता येत नाही म्हणून, नशिबावर.

मी संगणकाचा तज्ज्ञ नाही. बी.ए.पर्यंत शिकलेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस. पण शब्दांचा नाद असल्यामुळे ‘जीबी’ या शब्दाचा माग काढत गेलो, आणि गंमत अशी की ही वाट आपल्या मुंबईच्या कापूस बाजारात, झवेरी बाजारात आणि कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानात येऊन पोचली. ज्या तंट्याला आपण संगणकयुगाचा तंटा समजतो, तो या शहराने फार पूर्वी पाहिला आहे, आणि काही अंशी सोडवलाही आहे. त्याचीच ही हकिगत.

गिरगावाला लागून असलेला लॅमिंग्टन रोड मुंबईकरांना सांगायला नको. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचं नाव या रस्त्याला मिळालं. पुढे पाटी बदलून ‘डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग’ झाली, तरी लोकांच्या तोंडी जुनंच नाव राहिलं. रेडिओचे सुटे भाग, मग टेपरेकॉर्डर, मग संगणक, असं करत हा रस्ता मुंबईचा इलेक्ट्रॉनिक बाजार झाला. २००५ च्या सुमाराची गोष्ट. तिथल्या एका गाळ्यात मी प्रिंटरची शाई घ्यायला उभा होतो. परळच्या चाळीत राहणारे एक गृहस्थ हातात बिल घेऊन आले. गिरणी बंद झाल्यावर मिळालेल्या पैशांतून त्यांनी मुलीसाठी संगणक जोडून घेतला होता. डिस्क ऐंशीची, दाखवत होती साडेचौऱ्याहत्तर.

काउंटरवरचा पोरगा म्हणाला, “काका, सगळ्याच अशा येतात. कंपनीतूनच येतात. फॉरमॅट केल्यावर एवढीच जागा उरते.”

“अरे, पण पैसे ऐंशीचे मोजून घेतलेस ना? मग मालही मोजून दे.”

पोराकडे उत्तर नव्हतं. तो चोर नव्हता, काका भांडखोर नव्हते. पण साडेपाच जीबीची ती फट कुणीच भरून दाखवू शकत नव्हतं, आणि काका परत गेले ते फसवलं गेल्याची खूणगाठ मनाशी बांधूनच. आयुष्यभर घड्याळी तासांवर आणि कापडाच्या वारांवर मजुरी मोजून घेतलेला तो माणूस. त्याला त्याच्या हिशेबाचं उत्तर मिळायला हवं होतं. ते उत्तर अवघड नाही, फक्त जरा मागे जाऊन सांगावं लागतं.

आधी नुसता हिशेब पाहू. संगणकातली साठवण ‘बाइट’मध्ये मोजतात. एक बाइट म्हणजे ढोबळमानाने एका रोमन अक्षराची जागा. आपल्या देवनागरीतलं एक ‘क’ साठवायला हल्लीच्या सर्वसाधारण पद्धतीत तीन बाइट लागतात. डिस्क बनवणारी कंपनी ‘गिगा’ म्हणजे एक अब्ज असं धरते. तेव्हा ५०० जीबी म्हणजे ५०० अब्ज, अर्थात पन्नास हजार कोटी बाइट. तेवढे बाइट डिस्कवर खरोखर असतात. संगणकातली विंडोज प्रणाली मात्र हजाराच्या जागी १०२४ धरून मोजते. तिचा एक जीबी म्हणजे १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट. पन्नास हजार कोटींना या आकड्याने भागा. उत्तर येतं ४६५.६६. माल तेवढाच आहे, विकणाऱ्याचा मापटा लहान आणि मोजून घेणाऱ्याचा मोठा. नाव मात्र दोन्ही मापट्यांचं एकच, ‘जीबी’.

मग प्रश्न येतो, हे १०२४ कुठून आलं? सरळ हजार धरायला काय झालं होतं?

यासाठी आजीचं घर आठवा. दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर. वजनातही तसंच: शेर, अच्छेर, पावशेर, छटाक. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. दोन, चार, आठ, सोळा, चौसष्ट. आपल्या बाजाराचा बराचसा हिशेब दुपटी-निमपटीवर चालत होता, आणि त्याला कारण होतं. तराजूला दोन पारडी असतात. हातात दुसरं कुठलंही वजन नसलं तरी दोन्ही पारडी सारखी करून धान्याचा निम्मा वाटा कुणालाही काढता येतो. निम्म्याचा निम्मा काढता येतो. पण दहावा हिस्सा काढून दाखवा! म्हणूनच जुन्या पिढीतली मुलं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ करत. बाजार त्याच भाषेत बोलत होता.

संगणकाचंही तसंच आहे. त्याच्या आत असते ती फक्त कळ: चालू किंवा बंद. एका कळीने दोन गोष्टी सांगता येतात, दोन कळींनी चार, तीन कळींनी आठ, आणि दहा कळींनी १०२४. कवीला हा आकडा अनोळखी वाटू नये. वृत्तात अक्षर एक तर लघु असतं नाही तर गुरू. दहा अक्षरांच्या चरणात लघु-गुरूंच्या एकूण किती रचना होऊ शकतात? बरोबर १०२४. पिंगळाच्या छंदःशास्त्रात अशी गणती करण्याची रीत आहे, आणि तेव्हा विजेची कळ कुणाच्या स्वप्नातही नव्हती. संगणक मोजतो शून्यापासून, तेही आपल्याला नवीन नाही. धान्य मापणारा मापारी पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसे. तो म्हणे ‘लाभ’, कुठे कुठे ‘बरकत’. दुसऱ्या मापापासून दोन, तीन सुरू.

मुंबईतच याचं एक ठळक उदाहरण आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९६० मध्ये भारतात रचलेला संगणक चालू केला. पुढे त्याला ‘टिफ्रॅक’ असं नाव मिळालं. त्याच्या स्मृतीत २०४८ शब्दांची जागा होती. दोन हजार नव्हे, दोन हजार अठ्ठेचाळीस, म्हणजे दोनदा १०२४. संगणकाच्या स्मृतीची जुळणीच दुपटीने होत असल्यामुळे इंजिनिअरांना १०२४ हा आकडा पदोपदी भेटू लागला. हजाराच्या इतका जवळ आहे म्हटल्यावर त्यांनी सोयीसाठी त्यालाच ‘किलो’ म्हणायला सुरुवात केली. हजारामागे चोवीसचा फरक! कोण बघतंय? इथे गोम आहे.

हार्ड डिस्कचं घराणं मात्र वेगळं. आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये पहिली डिस्क बाजारात आणली. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, कपाटाएवढा आकार, आणि साठवण पन्नास लाख अक्षरांची. तबकडीवर वर्तुळं आखायची आणि त्यांचे तुकडे पाडायचे. तिथे दुपटीचं बंधन नाही, जितकी मावतील तितकी वर्तुळं. तेव्हा डिस्कवाले पहिल्यापासून आपले सरळ हजार, लाख, दशलक्ष मोजत आले. एकाच खोक्यात बसणाऱ्या दोन वस्तू, स्मृती आणि डिस्क, अशा दोन घराण्यांतून आल्या. एकीचा हिशेब चौसष्ट पैशांच्या रुपयाचा, दुसरीचा शंभर पैशांच्या.

आणि योगायोग पाहा. ज्या १९५६ मध्ये ती पहिली डिस्क आली, त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपल्या संसदेने वजन-मापांचा कायदा केला. शेर-मण जाऊन ग्रॅम-किलो येणार हे त्यात ठरलं. त्याआधीच नाण्यांचा कायदा झाला होता आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले. त्या काळाबद्दल वडीलधाऱ्यांकडून ऐकलेलं आठवा. चौसष्ट पैशांचा रुपया एका सकाळी शंभर पैशांचा झाला, पण जुने पैसेही काही वर्षं बाजारात फिरत होते. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. सव्वा कसा द्यायचा? सरकारी तक्त्याप्रमाणे आण्याचे सहा नवे पैसे, चवलीचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि पावलीचे पंचवीस. आता आण्या-आण्याची वस्तू चार वेळा घेतली तर चोवीस नवे पैसे, आणि चार आण्यांची एकदम घेतली तर पंचवीस. एक पैसा कुठे गेला? कुणाच्याच खिशात नाही, हिशेबाच्या सांध्यात गेला. त्या सांध्यावरून किराणा दुकानांत किती बाचाबाची झाली असेल!

पण तेव्हा एक शहाणपणाची गोष्ट झाली. नव्या नाण्याला नुसतं ‘पैसा’ म्हटलं नाही, त्यावर ‘नया पैसा’ असं कोरलं. जुना पैसा वेगळा, नवा वेगळा, हे नाण्यावरच लिहिलेलं. लोकांना सवय झाल्यावर, १ जून १९६४ पासून ‘नया’ हा शब्द काढून टाकला. सात वर्षं एका छोट्या विशेषणाने एवढ्या मोठ्या देशाचा व्यवहार सांभाळला. वजनांच्या बाबतीतही १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने बदल करत १९६२ पर्यंत किलो सगळीकडे सक्तीचा झाला. तिथे तर ‘शेर’ हा शब्दच निवृत्त झाला आणि ‘किलो’ हा कोरा शब्द आला. त्यामुळे कुणाला ‘तुझा किलो कुठला?’ असं विचारावं लागलं नाही.

जिथे हे शहाणपण पाळलं गेलं नाही, तिथे काय होतं? त्याचीही उदाहरणं मुंबईतच आहेत. पहिलं खंडीचं. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या बाजारात मण २८ पौंडांचा आणि वीस मणांची खंडी ५६० पौंडांची. पण कापसाच्या बाजारात हीच ‘खंडी’ ७८४ पौंडांची, कारण ती सुरतेच्या मापाने आलेली. रेल्वेचा मण तर ८२ पौंडांहून जड. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला, आणि पुढे परळ-लालबागपर्यंत धुराड्यांचं रान उभं राहिलं. त्या सगळ्या गिरण्यांत कापूस आला तो या ७८४ पौंडी खंडीने. मेट्रिक पद्धत येऊन साठ वर्षं उलटली, १९८२ चा संप होऊन गेला, गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे आले. कापसाचे भाव मात्र आजही खंडीला सांगतात आणि ती खंडी ३५६ किलोंची, म्हणजे तीच ७८४ पौंडांची. हार्बर मार्गावरच्या कॉटन ग्रीन स्थानकावरून जाताना मला नेहमी वाटतं, इथे येणारा प्रत्येक नवखा अडत्या पहिल्याच दिवशी विचारत असेल, “शेठ, खंडी कुठली?” तो प्रश्न विचारण्यात अपमान नव्हता. व्यापाराचा तो पहिला धडा होता.

दुसरं उदाहरण तोळ्याचं, आणि ते तर प्रत्येक घरातलं. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. सोन्याच्या त्या प्रसिद्ध दहा तोळ्यांच्या बिस्किटाचं वजन ११६.६४ ग्रॅम भरतं ते त्यामुळेच. मेट्रिक पद्धत आल्यावर सराफांनी सोयीसाठी दहा ग्रॅमलाच ‘तोळा’ म्हणायला सुरुवात केली. आज लग्नाला कुणी ‘दहा तोळे’ घेतले तर ते १०० ग्रॅम असतात. हेच दागिने घरी आणून आजीच्या जुन्या वजनांनी तोलले तर भरतील साडेआठ तोळ्यांच्या थोडे वर. कुणी कणभर सोनं खरवडलेलं नाही, सराफाने पैसेही शंभर ग्रॅमचेच घेतले. पण आजीचा तोळा मोठा आणि सराफाचा लहान. हार्ड डिस्कच्या बाबतीत कंपनी सराफाच्या जागी आहे आणि विंडोज आजीच्या. परळच्या त्या काकांना काउंटरवरच्या पोराने एवढंच सांगितलं असतं, तरी काका हसत घरी गेले असते.

आता त्या ‘हजारामागे चोवीस’कडे येऊ. किलोच्या पायरीवर फरक होता शेकडा २.४. पण मेगाच्या पायरीवर चोवीसच्या पोटी पुन्हा चोवीस येतात आणि फरक होतो जवळजवळ ५ टक्के. गिगाला तो ७.४ टक्के होतो आणि टेराला १० टक्क्यांच्या घरात जातो. सावकारी व्याज जसं चढतं तसाच हा प्रकार. १९६० च्या दशकात कुणाच्या डोळ्यांवर न आलेला फरक २००० नंतर घराघरांत दिसू लागला. मधल्या काळात घोळ किती झाला होता, हे आपल्या जुन्या फ्लॉपीवरून कळेल. तिच्यावर ‘१.४४ एमबी’ लिहिलेलं असे. तो आकडा हजाराच्या हिशेबाने बरोबर नव्हता आणि १०२४ च्या हिशेबानेही नव्हता. तो १४४० गुणिले १०२४ बाइटचा होता. एक पाय या होडीत, एक त्या होडीत.

शेवटी आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने डिसेंबर १९९८ मध्ये तोडगा काढला. हजाराच्या पटीला किलो, मेगा, गिगा हीच नावं ठेवायची, आणि १०२४ च्या पटीला नवी नावं द्यायची: किबी, मेबी, गिबी. म्हणजे आपल्या ‘नया पैसा’सारखीच युक्ती, एकेचाळीस वर्षांनंतर सुचलेली. पण ती रुजली नाही. पैशाच्या वेळी टांकसाळ सरकारच्या हातात होती, इथे तशी एक टांकसाळ नव्हती. विंडोज १०२४ ने मोजत राहिली आणि त्यापुढे ‘जीबी’च लिहीत राहिली. अमेरिकेत ग्राहक कोर्टात गेले. वेस्टर्न डिजिटल कंपनीने २००६ मध्ये आणि सीगेटने २००७ मध्ये अशा दाव्यांत तडजोड केली. ॲपलने २००९ मध्ये आपल्या संगणकांचा हिशेबच बदलून हजाराच्या पटीत केला. त्यामुळे आज तीच डिस्क ॲपलच्या संगणकाला लावली तर ५०० दिसते आणि विंडोजला लावली तर ४६५. कॉटन ग्रीनच्या अडत्याचा प्रश्न इथे विचारायचा: जीबी कुठला?

इथवर ऐकून कुणी असं समजू नये, की डिस्कमध्ये खरी तूट कधी येतच नाही. येते. म्हणून खोटी तूट आणि खरी तूट वेगळी कशी काढायची, हे सांगणं आलंच.

पहिली गोष्ट सोपी. जीबी असतील तर खोक्यावरच्या आकड्याला ०.९३ ने गुणा, टीबी असतील तर ०.९१ ने. पडद्यावरचा आकडा त्याच्या आसपास असेल तर भांडण मिटलं. ‘फॉरमॅटमध्ये जागा गेली’ हे जे सर्रास सांगितलं जातं, त्यात तथ्य थोडंच आहे. साध्या फॉरमॅटमध्ये जाणारी जागा मोठ्या डिस्कच्या मानाने किरकोळ असते.

दुसरी गोष्ट. आकडा बराच कमी असेल तर विंडोजमधल्या ‘डिस्क मॅनेजमेंट’ या सोयीत डिस्कचा पूर्ण नकाशा पाहावा. बऱ्याचदा एखादा हिस्सा कुणाच्याही नावावर न केलेला पडलेला असतो, किंवा लॅपटॉप बनवणाऱ्याने दुरुस्तीसाठी लपवून ठेवलेला असतो. घर मोठंच आहे, एका खोलीला कुलूप आहे, इतकंच.

तिसरी गोष्ट पत्त्याची. समजा एखाद्या चाळमालकाने ठरवलं, की खोल्यांना दोनच आकडी नंबर द्यायचे. मग नव्व्याण्णवच्या पुढच्या खोल्या बांधलेल्या असूनही पोस्टमन तिथे पोचणार नाही. जुन्या संगणकांत डिस्कच्या तुकड्यांना पत्ते द्यायला अशीच आकड्यांची मर्यादा होती. त्यामुळे कुठे ५२८ एमबीला, कुठे ८.४ जीबीला आणि कुठे १३७ जीबीला भिंत लागायची. २००२ च्या आसपास १६० जीबीची डिस्क घेणाऱ्यांना ती १२८ च्या आसपास थबकलेली दिसायची ती या भिंतीमुळे. नवी प्रणाली किंवा तिची सुधारणा टाकली की भिंत पडायची. तशीच भिंत पुढे २.२ टीबीला आली. जुन्या ‘एमबीआर’ पद्धतीने आखलेली तीन टीबीची डिस्क त्यापुढे दिसत नाही. कधी तर ती ७४६ जीबीच दाखवते, कारण पत्त्याचा आकडा टॅक्सीच्या मीटरसारखा भरून पुन्हा शून्यावर येतो आणि फक्त उरलेलं मोजतो. ‘जीपीटी’ या नव्या पद्धतीने डिस्क आखली की जागा मोकळी होते. पण आखणी बदलताना आतला मजकूर पुसला जाऊ शकतो, हे पक्कं ध्यानात ठेवावं.

आणि एक गोष्ट डिस्कवाल्यांच्या बाजूने सांगायला हवी. गिरणीच्या दारात जसे बदली कामगार उभे असत, कुणी गैरहजर राहिला की त्याच्या साच्यावर जायचे, तसे प्रत्येक डिस्कमध्ये थोडे राखीव तुकडे असतात. एखादा तुकडा खराब झाला, की राखीव तुकडा त्याच्या जागी लागतो. हे बदली तुकडे खोक्यावरच्या आकड्यात धरलेले नसतात. ते फार भराभर खर्ची पडू लागले, तर मात्र डिस्कचे दिवस भरले असं समजावं आणि मजकूर दुसरीकडे हलवावा.

खोट्या तुटीमागे धावून खरी तूट कशी ओढवते, याचं एक उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर घडलं आहे. लालबागच्या एका भजनी मंडळाने आपल्या दिवंगत बुवांच्या जुन्या कॅसेट मोठ्या कष्टाने संगणकावर उतरवल्या होत्या. डिस्क २५० जीबीची, दाखवत होती २३२. कुणीतरी सांगितलं, ‘अठरा जीबी अडकलेत, काढून देतो.’ त्या दुरुस्ती करणाऱ्याने डिस्क दोनदा पुसून नव्याने आखली. आकडा आला पुन्हा २३२, आणि बुवांचा आवाज गेला. कॅसेटींना तोवर बुरशी लागून त्या टाकून दिलेल्या होत्या. मंडळातल्या म्हाताऱ्या पखवाजवाल्यांनी फक्त एवढंच विचारलं, “म्हणजे पहिल्यापासून काही कमी नव्हतंच?” नव्हतंच. अठरा जीबी कधी हरवलेच नव्हते. हरवली ती शोधता शोधता एका माणसाची तीस वर्षं. म्हणून हात जोडून सांगतो, डिस्कच्या आकड्याशी कसलाही खेळ करण्याआधी आतला मजकूर दुसऱ्या ठिकाणी उतरवून ठेवा. डिस्क बाजारात पुन्हा मिळते, आतला आवाज मिळत नाही.

राहता राहिली ती खरीखुरी लबाडी. तीही आहे. रस्त्यावर, कधी घरपोच, अगदी स्वस्तात मोठमोठ्या आकड्यांचे पेन ड्राइव्ह मिळतात. आत जागा असते जेमतेम काही जीबी, पण आतल्या चिपला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. संगणकाने विचारलं, तर ती बेधडक ‘एक टीबी’ सांगते. तुम्ही फोटो भरत जाता, नावं दिसत राहतात, आणि उघडायला गेलं की आत काही नसतं. म्हणजे ज्या डिस्कचा आकडा कमी दिसतो ती बहुधा सच्ची असते, आणि जिचा आकडा संशय येण्याइतका भरघोस दिसतो तीच लबाड निघते! तिची परीक्षा एकच: ती पूर्ण भरायची आणि भरलेलं सगळं परत वाचून पाहायचं. हे काम करणारे प्रोग्रॅम मोफत मिळतात. मापाऱ्याने पायली भरली, तर ती ओतून पुन्हा मोजून बघण्यासारखंच हे.

मी मुसलमान घरात वाढलो. कुराणातल्या त्र्याऐंशीव्या अध्यायाचं नावच ‘अल-मुतफ्फिफीन’ आहे, म्हणजे माप कमी देणारे. त्यांची तिथे कडक शब्दांत निर्भर्त्सना आहे. इकडे मराठीत ‘मापात पाप’ हे दोनच शब्द सगळं सांगून जातात. दोन्हीकडे कमी माप ही केवळ पैशाची नुकसानी मानलेली नाही, ती माणसामाणसांतल्या भरवशाची चोरी मानलेली आहे. म्हणूनच जिथे पाप नाही तिथे ते चिकटवणंही तितकंच वाईट. लॅमिंग्टन रोडवरच्या त्या पोरावर चोरीचा आळ आला तो दोन मापांना एकच नाव दिल्यामुळे, आणि त्याला ते सांगता आलं नाही म्हणून.

उपाय फार मोठा नाही. बऱ्याच खोक्यांवर बारीक अक्षरांत ‘एक जीबी म्हणजे एक अब्ज बाइट’ असं छापलेलं असतं. ते ठळक अक्षरांत छापावं, आणि त्याच्याच शेजारी ‘विंडोजमध्ये सुमारे इतके दिसतील’ असा दुसरा आकडाही द्यावा. दुकानदाराने बिल फाडतानाच तो आकडा गिऱ्हाइकाला वाचून दाखवावा. आण्याचे किती नवे पैसे होतात, हे सांगणारा तक्ता एकेकाळी या देशात छापून लोकांपर्यंत पोचवला गेला होता. त्या मानाने हे काम तर एका ओळीचं आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)